दर पावसाळ्यात तीच भिंत, तीच ओल: बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा ओळखायच्या कशा, दुरुस्त करायच्या कशा

तक्रार साधारण अशी असते. घर बांधून चार-पाच वर्षं झाली. बाहेरून दोन कोटचं सँडफेस (वाळूच्या खरखरीत दाण्याचं) प्लास्टर, वर चांगल्यातला एक्स्टीरियर रंग. पहिल्या पावसाळ्यानंतर पश्चिमेच्या भिंतीवर केसाएवढ्या भेगा दिसल्या. रंगाऱ्यानं क्रॅकफिल भरून रंग मारून दिला. पुढच्या जुलैत आतल्या बाजूला, नेमके कपाटामागे, पोपडे सुटले. मग महागडा वॉटरप्रूफ रंग झाला. त्याच्या पुढच्या वर्षी ओल पुन्हा हजर, फक्त हातभर सरकून. आता तिसरा माणूस सांगतोय की सगळं प्लास्टर काढून नव्यानं करा.

एवढ्यात काढू नका. भिंतभर प्लास्टर उतरवायची वेळ फार थोड्या घरांवर येते. शिवाय मूळ दुखणं शोधलं नाही तर नव्या प्लास्टरलाही दोन वर्षांत त्याच जागी, त्याच रेषेत भेग पडते. कारण बहुतेक वेळा भेगेचं कारण प्लास्टरच्या मागे असतं, आणि ओलीचं कारण भेगेच्या वर.

इथं मी धरून चाललोय ते आपल्याकडचं नेहमीचं घर: आरसीसीचा सांगाडा, मध्ये विटा किंवा सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक, बाहेरून सिमेंटचा गिलावा. जांभ्याच्या आणि चुन्याच्या जुन्या घरांचं गणित वेगळं आहे, त्यावर पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

आधी भेग वाचा

भेगा बघायला सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन बरं. बारीक रेघा आणि फुगवटे दोन्ही उठून दिसतात. त्याहून सोपी वेळ म्हणजे पाऊस थांबून भिंत वाळायला लागते तेव्हाची. बाकी भिंत कोरडी होते आणि भेगेच्या कडेनं ओली काळपट रेघ मागे राहते. तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढून घ्या. असा फोटो असला की पुढचं अर्धं काम होतं, कारण उन्हाळ्यात काम करणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नसतं.

आता भेग कुठून कुठे जाते ते बघा. सगळ्यात जास्त सापडणारी भेग आडवी असते: बीमच्या किंवा स्लॅबच्या खालच्या कडेनं, भिंतभर सरळ, दोरी धरल्यासारखी. तिची जोडीदार उभी, कॉलमच्या कडेनं जाणारी. या रेषेवर प्लास्टरच्या आत काँक्रीट संपतं आणि वीटकाम सुरू होतं. उन्हानं दोन्ही सारखी वाढत नाहीत. ढोबळ हिशेबात तापमान एक अंश सेल्सियसनं वाढलं की काँक्रीट मीटरमागे ०.०१ मिलिमीटर वाढतं, वीटकाम ०.००६ च्या आसपास. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीचा पृष्ठभाग पहाटेपासून दुपारी चारपर्यंत ३० अंशांनी तापला, तर चार मीटर लांबीत काँक्रीट १.२ मिलिमीटर वाढणार आणि वीटकाम ०.७. हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक रोज पडतो आणि रोज मिटतो. वरचं प्लास्टर मात्र अखंड आणि ताठ असतं. ते एके दिवशी तडकतं आणि मग तीच जागा त्या भिंतीचा सांधा होऊन बसते. तुम्ही तो सांधा पुट्टीनं भरलात की पुट्टीही वाळून ताठ होते आणि तिला पुन्हा तोच ताण येतो. दर वर्षी तीच भेग उघडण्याचं कारण इतकं साधं आहे.

यात बांधकामाची एक घाईही मिसळलेली असते. बीमखालचा शेवटचा थर गवंडी विटांचे तुकडे कोंबून, वरवर माल लावून संपवतो. खालचं वीटकाम बसायला काही दिवस द्यावे आणि मग ती फट माल ठासून भरावी, असा नियम आहे. पाळतो कोण? भिंत मग हळूहळू बसते आणि बीमखाली रिकामी फट राहते. अशा फटीवर केवळ पाऊण इंच प्लास्टर उभं असतं.

दुसरा प्रकार म्हणजे आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या जाळीदार भेगा, दिशा अशी काही नाही. ही प्लास्टरचीच करणी. मालात सिमेंट जास्त पडलेलं, वाळू फार बारीक, किंवा मिस्त्रीनं वर कोरडं सिमेंट भुरभुरवून रंधा घासत बसण्याचा हौशीपणा केलेला. आणि पाणी मारायला कुणी नाही. ‘सिमेंट जास्त म्हणजे काम पक्कं’ ही समजूत मालकाची असते, मिस्त्रीला ती आवडते, आणि प्लास्टरला ती सोसत नाही; सिमेंट जितकं जास्त तितकं ते वाळताना आकसतं. या भेगा सहसा वरच्या कोटापुरत्याच असतात. आत पोकळ वाजत नसेल तर यांची धास्ती घेऊ नका. याच एका प्रकारात चांगला प्रायमर आणि ताणला जाणारा इलॅस्टोमेरिक रंग हा खरा उपाय ठरतो.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी भेग ओळखायला सोपी. भोकाच्या कोपऱ्याशी ताण गोळा होतो. लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, दोन्ही बाजूंना भिंतीत पुरेसं आत गेलेलं नसलं, किंवा खिडकीखाली काँक्रीटची पट्टी नसली की तो ताण तिरपी वाट काढतो.

सिपोरेक्सच्या भिंतीत कधी कधी ब्लॉकच्या सांध्यांचा अख्खा नकाशाच बाहेर उमटतो. हलक्या ब्लॉकवर विटेसारखा एकास तीन-चारचा (एक भाग सिमेंट, तीन-चार भाग वाळू) कडक माल चढवला, की प्लास्टर आकसतं आणि मागचा नरम ब्लॉक त्याला धरून ठेवू शकत नाही. शिवाय पावसात भिजलेले ब्लॉक तसेच बांधले असतील, तर पुढचे काही महिने ते वाळत आणि आकसत राहतात. या ब्लॉकवर एकास सहाचा माल, पातळ थर आणि भिंतीला पाण्याचा फक्त हलका शिडकावा पुरतो. विटेसारखं न्हाऊ घालायचं नाही.

यापुढचे दोन प्रकार प्लास्टरचे नाहीतच, आणि ते रंगाऱ्यावर सोडू नयेत. एक: कॉलमच्या कोपऱ्यालगत उभी भेग, तिच्यातून तांबूस ओघळ, ठोकलं तर कोपऱ्याचा तुकडा हातात येतो. आतली सळई गंजून फुगलेली आहे. समुद्राकाठी, खाडीची वाळू वापरलेल्या बांधकामात हे लवकर दिसतं. दोन: विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारी तिरपी भेग, जी आतल्या बाजूनंही त्याच जागी दिसते. काळ्या मातीच्या गावात, म्हणजे सोलापूर, मराठवाडा, विदर्भाच्या बऱ्याच भागात, या भेगेची एक खूण आहे: ती मे महिन्यात रुंदावते आणि ऑगस्टमध्ये मिटते. खालची माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसून पाया सोडून देते. लोक पावसाळ्यात म्हणतात ‘भेग आपोआप बुजली’ आणि पुन्हा उन्हाळ्यात हैराण होतात. भेगेच्या दोन्ही अंगांना पेन्सिलनं खुणा करा, अंतर आणि तारीख भिंतीवरच लिहा, आणि दर महिन्याला मोजा. वर्षभरात आकडे हलले तर दुखणं पायाचं आहे. तिथं स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो, पुट्टीचा डबा नाही.

ठोकून बघणं

हातोडीच्या लाकडी मुठीनं किंवा नाण्यानं भिंत हलके वाजवत जा. भरीव आवाज आला तर प्लास्टर भिंतीला धरून आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर सुटलं आहे. पोकळ भागाभोवती खडूनं रेघ ओढत चला. बशीएवढा पोकळ भाग, भोवती भेग नाही, तर राहू द्या. परातीएवढा असेल, कडेनं भेग असेल, किंवा काँक्रीटच्या बीमवर असेल, तर तो काढावाच लागेल. बीमवरचा पोकळ तुकडा वरून खाली माणसावर पडू शकतो, म्हणून इतर सगळी कामं थांबवून आधी तो.

काँक्रीटवरून प्लास्टर सुटण्याचं कारण जवळपास ठरलेलं आहे. सेंटरिंगच्या प्लेटला लावलेलं तेल काँक्रीटला लागतं, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत राहतो आणि टाचे मारायचा कंटाळा केलेला असतो. टाचे म्हणजे हातोडी-छिन्नीनं मारलेल्या दाट, उथळ खुणा. टाचे मोजायला कुणी येत नाही हे मिस्त्रीला ठाऊक असतं, त्यामुळे फुटाफुटाला एक खूण दिसते.

पाणी नेमकं कुठून शिरतं

इथंच बहुतेकांची फसगत होते. आत ओल दिसते त्याच्या बरोबर मागची भेग सगळे बुजवतात. पण वीटकामात शिरलेलं पाणी विटांच्या सांध्यांतून खाली आणि आडवं फिरतं, बीमवर किंवा लिंटेलवर अडतं आणि मग आत फुटतं. ओल लिंटेलखाली, शिरकाव गच्चीच्या कठड्यात, हे नेहमीचं चित्र आहे. मधल्या भेगेवर रंगाचे तीन हात मारणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

माझा पहिला संशय कायम गच्चीच्या कठड्यावर असतो. त्याच्या दोन्ही बाजू आणि डोकं असं तिन्हीकडून पाऊस झोडपतो. डोक्यावर प्लास्टर सपाट केलेलं असतं, किंवा बाहेर उतार दिलेला असतो. त्यामुळे धूळमिश्रित पाणी बाहेरच्या भिंतीवरून काळे ओघळ सोडत उतरतं. कठड्याच्या माथ्यावरची भेग जमिनीवरून दिसत नाही, म्हणून ती कुणाच्याच यादीत नसते. शिडी लावा, वर जा, हात फिरवून बघा. गच्चीचा कोबा आणि कठडा मिळतात तिथला वाटा (कोपऱ्यातली मालाची गोलाई) सुटला असेल तर तेही याच रांगेत.

नंतर खिडक्या. खालचा कडप्पा किंवा ग्रॅनाइट प्लास्टरच्या बाहेर निदान इंचभर यायला हवा, त्याला बाहेर उतार हवा, आणि पोटाला एक खाच हवी म्हणजे पाणी तिथून थेंब होऊन सुटेल. खाच नसली तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे सरकतं आणि भिंतीत शिरतं. बऱ्याच नव्या बंगल्यांत एलिव्हेशन ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून दगड प्लास्टरच्या सपाटीत कापलेला असतो आणि छज्जेही गायब असतात. चित्रात छान दिसतं. कोकणात, जिथं रत्नागिरीसारख्या ठिकाणी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तोही वाऱ्याबरोबर आडवा येतो, तिथं छज्जा नसलेली पश्चिमेची भिंत म्हणजे ओढवून घेतलेलं दुखणं. जुन्या घरांची पागोळी भिंतीपासून दोन-तीन फूट लांब पडायची, शिवाय पावसाच्या बाजूला झापांची झड (आडोसा) बांधायचे. सिमेंट आलं आणि भिंतीला छत्रीची गरज संपली असं आपण गृहीत धरलं.

आणखी काही जागा: एसीच्या पाइपचं भोक (आतून बाहेर उतार हवा, बहुतेकदा उलटा असतो), ग्रिलचे आणि डिशचे खिळे, ड्रेनेजच्या पाइपमागची न पोहोचलेली पट्टी. आणि एक जागा जी घरमालकाला कधीच माहीत नसते: परांचीची भोकं. बांधकामाच्या वेळी परांचीच्या आडव्या बल्ल्या भिंतीत घातलेल्या असतात. परांची उतरवताना गवंडी त्या भोकात अर्धी वीट कोंबून वर माल थापतो. एका ओळीत, सारख्या अंतरावर, ठरावीक उंचीला वितीएवढे ओले डाग दिसले तर तीच ती भोकं, दुसरं काही शोधत बसू नका.

शंका पक्की करायला पाइपनं पाणी मारून बघता येतं, पण खालून वर. आधी खिडकीखालची भिंत, वीस-तीस मिनिटं. आत एकजण टॉर्च घेऊन बसलेला. काही दिसलं नाही तर खिडकीच्या खालची कड, मग बाजू, मग छज्जाचं डोकं, मग बीमची रेषा, शेवटी कठडा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून खाली वाहतं आणि आत ओल आली तरी कुठल्या जागेमुळे ते कळत नाही. कोरड्या दिवसात करायची ही गोष्ट आहे.

ओल पावसाचीच आहे का, हेही बघा. मार्चमध्येही डाग ओला असेल तर आतल्या नळाची किंवा बाथरूमची शंका घ्या. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल, वर पांढरी पावडर, लोणा लागलेला, तर पाणी पायातून वर चढतंय. हे बऱ्याचदा मागाहून झालेलं असतं: अंगणात मातीची भर घातली, वर पेव्हर ब्लॉक बसवले आणि अंगण प्लिंथच्या (जोत्याच्या) वर आलं. किंवा बाहेरचं प्लास्टर थेट जमिनीत उतरवलं, त्यामुळे प्लिंथवरचा ओल अडवणारा थर असून नसल्यासारखा झाला. भर काढा आणि प्लास्टर जमिनीपासून निदान सहा इंच वर कापा. कुठल्याही रसायनाआधी हे.

खोलीतल्या दमटपणाची शंका असेल तर आतल्या भिंतीवर फूटभर प्लॅस्टिक चारही कडांनी टेप लावून एक-दोन दिवस ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूला आले तर खिडक्या उघडा.

दुरुस्ती

हलणाऱ्या सांध्याला हलणारंच काहीतरी भरलं पाहिजे. बीम-विटेच्या रेषेवर ग्राइंडरनं दहा-बारा मिलिमीटर रुंद, सरळ खाच कापायची. धूळ ब्रशनं आणि फुंकून काढायची. आत फोमची गोल दोरी दाबायची आणि तिच्यावर पॉलियुरेथेन सीलंट भरायचा, खोली रुंदीच्या निम्मी. दोरी का? सीलंट फक्त दोन कडांना चिकटला पाहिजे. तळालाही चिकटला तर तो ताणला जात नाही आणि एका कडेनं फाटतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा सिलिकॉन इथं नको, त्यावर रंग धरत नाही.

ही खाच रेघ म्हणून दिसणार. ती लपवायच्या नादाला लागू नका. आर्किटेक्टनं सुरुवातीलाच बीमच्या रेषेत पट्टी दिली असती तर शोभून दिसली असती. आता निदान सरळ कापून घ्या.

सांध्याशी प्लास्टर पोकळही असेल तर दुसरा मार्ग: रेषेच्या दोन्ही बाजूंना वीतभर प्लास्टर काढायचं, बीमखालची फट माल ठासून बंद करायची, आणि गॅल्व्हनाइज्ड चिकन मेश दोन्हीकडे निदान चार ते सहा इंच जाईल अशी ताणून वॉशर-खिळ्यांनी बसवायची. जाळी भिंतीला चिकटून बसली तर तिचा उपयोग नाही. ती मालाच्या मध्यात यायला हवी, म्हणून मागे थोडं अंतर ठेवायचं. मग पॉलिमर मिसळलेला माल. खिडकीच्या कोपऱ्यांवरही जाळीचा तुकडा, पण भेगेला आडवा, म्हणजे तिरपा.

न हलणारी भेग सोपी आहे. ती उकरून व्ही आकार करा, धुवा, ओली करा, पॉलिमर माल भरा. पोकळ भाग काढताना कडा चौकोनी आणि उभ्या कापा. छिन्नीनं वेडंवाकडं फोडलं की पातळ कड राहते आणि नवा माल तिथूनच सुटतो. विटांचे सांधे अर्धा इंच खरवडून घ्या, काँक्रीटला टाचे मारा, आणि त्यावर एकास दोनचा सैल माल थापीनं फेकून खरखरीत लेप करून घ्या. एक दिवस तो ओला ठेवा, मग प्लास्टर. नवा तुकडा भोवतालच्या जुन्या प्लास्टरपेक्षा कडक करू नका, नाहीतर कडेनं गोल भेग हमखास.

रंग सगळ्यात शेवटी आणि भिंत सुकल्यावर. नव्या सिमेंटला साधारण महिनाभर द्या. ओल्या भिंतीवर जाड वॉटरप्रूफ रंग चढवला की आतलं पाणी बाहेर पडायची वाटच बंद होते आणि रंग फुगे धरतो. त्या फुग्यात सुई घातली तर पाणी निघतं. ‘रंग खराब होता’ अशी तक्रार मग दुकानदाराकडे जाते.

नवं प्लास्टर करायचंच असेल

भिंतीचा बराच भाग पोकळ वाजत असेल तर नाइलाज आहे. मग निदान सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत सँडफेसचं जे वर्णन आहे तेवढं तरी करून घ्या: पहिला कोट १५ मिलिमीटर, एकास चारचा, त्यात वॉटरप्रूफिंग कंपाउंड, तो खरखरीत ठेवून निदान दोन दिवस पाणी, मग सहा ते आठ मिलिमीटरचा दुसरा कोट, दाणे काढून, आणि चौदा दिवस पाणी. प्रत्यक्षात पहिल्या कोटावर दुसऱ्याच दिवशी दुसरा चढतो, कारण परांचीचं भाडं चालू असतं.

माप घमेल्यानं घेऊ देऊ नका. सिमेंटची ५० किलोची गोणी म्हणजे ३५ लिटर. ३५ × २५ × ४० सेंटिमीटरचा फरमा करून घ्या, तो बरोबर एका गोणीचा होतो. एकास चार म्हणजे एक गोणी आणि चार फरमे वाळू. पाणी घातलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपायला हवा. जेवणाच्या सुट्टीनंतर वाळलेल्या ढिगात पुन्हा पाणी घालून तोच माल भिंतीवर चढताना दिसला तर काम थांबवा, भांडण झालं तरी चालेल.

नदीची वाळू आता सहज मिळत नाही, क्रश सँडवरच (दगड भरडून केलेल्या वाळूवर) काम होतं. प्लास्टरसाठी धुतलेली, प्लास्टरची म्हणून वेगळी मिळते ती घ्या. ब्लॉक बांधणीची भुकटी नको. काचेच्या बरणीत निम्मी वाळू आणि मिठाचं पाणी घालून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या सात-आठ टक्क्यांहून जाड असेल तर ट्रक परत पाठवा. आयएस १५४२ हे प्लास्टरच्या वाळूचं मानक आहे; पुरवठादाराकडे त्याचा चाळणी अहवाल मागायला काहीच हरकत नाही.

चुना मिसळायला तयार असाल तर एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू हा माल बाहेरच्या कामाला फार चांगला. तो पाणी धरून ठेवतो, कमी आकसतो, भेगा बारीक राहतात. अडचण मालाची नाही, माणसांची आहे. चुन्यावर हात बसलेला गवंडी शोधावा लागतो, आणि तुमच्या मिस्त्रीला जबरदस्तीनं चुना वापरायला लावून काम सुधारत नाही.

जांभा आणि जुन्या चुन्याची घरं

कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या, चुन्यात बांधलेल्या जुन्या घराला ‘मजबुतीसाठी’ बाहेरून सिमेंट प्लास्टर केलं जातं आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे मोठे पापुद्रे सुटतात, सोबत दगडाचा पृष्ठभागही घेऊन. देशावरच्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींचंही तसंच. या भिंती पाणी पितात आणि उन्हं पडली की सोडून देतात. चुन्याच्या गिलाव्यातून ती वाफ निघून जाते. दिवाळीआधी चुना काढायचा तो त्या भिंतीला चालायचा. सिमेंटचा कडक, घट्ट थर ती वाट अडवतो. पाणी मागे साठतं, क्षार तिथेच फुटतात आणि थर ढकलला जातो. इथं दुरुस्ती चुन्यातच करावी, किंवा जांभा चांगला असेल तर प्लास्टर काढून फक्त दगडांमधल्या दरजा (सांधे) भरून उघडा ठेवावा. वॉटरप्रूफ रंग तर अशा घराला बिलकुल नको.

अमेरिकेत-कॅनडात घर घेतलेल्या मंडळींसाठी एवढंच. तिथलं स्टको, म्हणजे बाहेरचं प्लास्टर, बहुधा लाकडी सांगाड्यावर असतं, त्यामुळे भिंतीत शिरलेलं पाणी लाकूड कुजवतं आणि बाहेरून वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यात कृत्रिम स्टकोची कितीतरी घरं अशी आतून कुजलेली निघाली. व्हँकूवरच्या गळक्या इमारतींवर तर १९९८ मध्ये बॅरेट चौकशी आयोग बसला. दोन्हीकडे पाणी मोठ्या प्रमाणात खिडक्यांच्या कडांतून आणि सांध्यांतून शिरलं होतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. म्हणून तिथं स्टकोच्या खालच्या कडेला पाणी निघायची पट्टी असते. ती माती, काँक्रीट किंवा सीलंटनं बुजवू नका. घर घेताना खिडक्यांखाली ओलावा मोजून घ्या.

कधी आणि कुणाकडून

सगळ्यांना ही कामं मे महिन्यात आठवतात. तो सर्वांत वाईट महिना. भिंत तापलेली असते, माल लावताच पाणी उडतं, पाणी मारायला पाणीच नसतं, आणि पंधरा जूनला पाऊस धरून बसलेला असतो. दुखण्याचं निदान पावसाळ्यात करा, दुरुस्तीची कामं दिवाळीनंतर. थंडीत भिंत सावकाश वाळते आणि रंगापर्यंत पुरेसे महिने मिळतात. उन्हाळ्यात करावंच लागलं तर मिस्त्रीला सावलीमागून फिरवा: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची.

दर ठरवताना ‘स्क्वेअर फुटाला इतके, सगळं आलं’ असं ठरवू नका. टाचे, जाळी, बीमखालची फट, परांचीची भोकं, पाणी मारणं, या पाच गोष्टी कागदावर वेगळ्या लिहून घ्या, कारण उक्त्या दरात नेमक्या याच गाळल्या जातात. पाणी मारायचं काम शक्यतो ठेकेदाराकडे देऊच नका. घरातलं कुणी किंवा रोजावरचा माणूस ठेवा. आणि रकमेतले दहा टक्के पहिला पावसाळा उलटून सप्टेंबरमध्ये भिंत बघेपर्यंत हातात राखा. ही अट ऐकून जो कुरकुर करेल, त्याला काम द्यायचं की नाही ते तिथंच ठरवता येतं.